कोर्ट उठेपर्यंत

चोर कुलूप ओढून पाहतो, उघडतं का म्हणून. चौकीदारही कुलूप ओढून पाहतो, नीट लागलं का म्हणून. हात तोच, झटका तोच. शहराला लागून असलेल्या वाडी गावात एका गोदामातल्या कॅमेऱ्यात चंपतराव भोयर वीस संध्याकाळी कुलुपं ओढताना दिसले, आणि कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय कळतं! त्याला दिसलं ते त्यानं दाखवलं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं, म्हणजे कोर्टाच्या भाषेत फौजदारी अतिक्रमण. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना "कोन आहे बे तिकडं?" म्हणून हटकलं, तो बासष्टाव्या वर्षी आरोपी झाला.

गोदाम अमरावती रोडला लागून आहे. अकरा शटर, समोर मोठं लोखंडी गेट, त्या गेटातच माणूस वाकून जाईल एवढं लहान दार, आणि गेटाच्या कडेला दहा बाय दहाची चौकी. त्या चौकीत चंपतराव सत्तावीस वर्षं राहिले. पहिली एकवीस वर्षं बायको सोबत होती, वच्छला तिचं नाव. मूलबाळ झालं नाही. वच्छलाबाई त्याच चौकीत, तापाचं निमित्त होऊन, बाजेवरच गेल्या. नंतरची सहा वर्षं चंपतराव एकटेच राहिले. एकटेच म्हणजे अगदी एकटे. रात्रभर जागणाऱ्या माणसाला दिवसाचे दोस्त होत नाहीत. लोक चौकात गप्पा हाणत बसतात तेव्हा हा झोपलेला, आणि हा उठतो तेव्हा लोक दारं लावून घेतात. काटोलकडे पुतणे आहेत म्हणे. असतील. काकाला फोन करायला त्यांच्या मोबाईलात कधी बॅलन्स राहत नाही.

जुना सेठ दिलाचा मोठा होता, पण कागदाचा फार चोर. पगार महिन्याच्या सात तारखेला हातात, दिवाळीला मिठाईचा डबा, आणि वरून तोंडभरून गोडी. "चंपत, तू तो घर का आदमी है!" घरच्या माणसाला नेमणुकीचं पत्र कोण देतं हो? हजेरी नाही, पावती नाही, ओळखपत्र नाही. चंपतरावांना त्याचं काही वाटलंही नाही. घरचा माणूस म्हटल्यावर छाती फुगून जायची त्यांची.

मग सेठ वारला. त्याचा पुतण्या गादीवर बसला. त्यानं कॅमेरे लावले, सिक्युरिटी एजन्सीला ठेका दिला, आणि चंपतरावांना आठ दिवसांत चौकी खाली करायला सांगितली. गोदामाच्या मागच्या वस्तीत यमुताईंची टिनाची खोली होती, ती त्यांनी भाड्यानं घेतली. एक बाज, एक स्टोव्ह, वच्छलाबाईंचा फोटो. रात्री झोप यायची नाही, दिवसा करायला काम नाही. यमुताई भाड्यापुरत्या बोलायच्या. पंधरा-पंधरा दिवस या माणसाच्या तोंडून "पाव किलो द्या" आणि "किती झाले" याच्यापलीकडे शब्द निघायचा नाही. आपला आवाज आपल्यालाच परका वाटायला लागला, असं ते नंतर वकीलबाईंना म्हणाले.

आता सवयीला काय म्हणावं! संध्याकाळी साडेसहा झाले की पाय गेटाकडे वळायचे. नेमकी तीच वेळ एजन्सीच्या गार्डांची पाळी बदलायची. दिवसाचा गार्ड आत ऑफिसात अंगठा लावायला जायचा, रात्रीचा रस्त्यापलीकडे चहा घ्यायचा, आणि लहान दार दहा मिनिटं उघडं राहायचं. दोन महिने चंपतराव नुसते समोरून गेले. एक दिवस वाकून आत शिरले. एक नंबरच्या शटरपासून अकरा नंबरपर्यंत एकेक कुलूप ओढून पाहिलं, सगळी लागलेली होती, आणि आले त्या वाटेनं बाहेर पडले. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. झालं, औषध सापडलं म्हणायचं.

गोदामाचा मॅनेजर जितेंद्र, पस्तिशीचा माणूस, त्यानं एकदा त्यांना गेटाशी पाहिलं होतं. "काका, आता इथं येत नका जाऊ. नवीन मालकाले चालत नाही," असं नीट सांगितलंही होतं. चंपतरावांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. विसाव्या संध्याकाळी सात नंबरच्या कुलपावर हात असताना गार्डानं मागून धरलं. त्याच महिन्यात शेजारच्या गोदामात चोरी झालेली. मालकाचा रायपूरहून फोन आला, "कुणी का असेना, तक्रार करा," आणि जितेंद्रनं पोलिसांत तक्रार दिली. जितेंद्रची मी बाजू घेत नाही, पण त्याच्या जागी तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं?

कोर्टात त्यांना मोफत वकील मिळाला. कामिनी रामटेके, तिशीच्या आतबाहेरची, आवाजानं खणखणीत आणि स्वभावानं तापट. तिनं कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काका, हा चोर आहे का? चोर कधी कुलूप लागलं म्हणून खूश होते का?" अशा गुन्ह्यात हेतू लागतो, तिनं समजावलं. चोरी करायची, कुणाचा अपमान करायचा, कुणाला त्रास द्यायचा, असं काही मनात धरून आत शिरलं तर गुन्हा. केस लढली तर सुटणार हे नक्की, पण लढायला दोन-तीन वर्षं जातील. दुसरा मार्ग तडजोडीचा. ज्याच्या हद्दीत शिरले तो फिर्यादी "माझी तक्रार नाही" असं लिहून द्यायला तयार झाला, तर कोर्ट त्याच दिवशी केस मिटवतं, आणि माणूस निर्दोष सुटल्यासारखा घरी जातो. नावावर डाग राहत नाही.

तो डाग न राहणं आता फार गरजेचं झालं होतं. कामिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला राहायची. तिच्याच फ्लॅट स्कीममध्ये चौकीदाराची जागा निघाली होती. सेक्रेटरी होत्या शामलाताई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. कामिनी एका रविवारी चंपतरावांना घेऊन गेली. चाळीस घरं. जिन्याखाली खोली, खोलीला खिडकी. शामलाताईंनी विचारपूस केली, माणूस त्यांना बरा वाटला. "मला दोन कागद आणून द्या," त्या म्हणाल्या. "एक पोलिसांचा, चांगल्या वागणुकीचा. आणि एक जुन्या मालकाचा, अनुभवाचा. तुमची अडचण असेल तर दुसऱ्या कागदाचं पाहता येईल, पण पहिला लागेलच. लोक ऐकत नाहीत हो."

परत निघताना पार्किंगमध्ये एका बाईनं गाडी लावता लावता विचारलं, "नवीन चौकीदार का? कधीपासून येता काका?" मागून कुणीतरी पहिल्या मजल्यावरून ओरडलं, "त्यांना सांगा, आमच्याकडे पाणी सकाळी येत नाही!" चंपतराव वाडीला पोचेपर्यंत हसतच होते. बसमधल्या माणसाला वाटलं असेल, म्हातारा सटकला. सटकेल नाही तर काय! सहा वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे तक्रार केली होती. त्या जिन्याखालच्या खोलीसाठी त्यांचा जीव नुसता तुटायला लागला. कधी नव्हे ते देवापुढे हात जोडले. केस मिटू दे, एवढंच.

तडजोडीची तारीख बुधवारची ठरली. चंपतराव साडेनऊलाच सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात हजर, दाढी करून, पांढरा सदरा घालून. अकराच्या सुमारास जितेंद्र आला. हातात टाईप केलेला कागद. कॉरिडॉरच्या बाकावर कामिनीनं तो मोठ्यानं वाचला. आरोपीनं यापुढे गोदामात यायचं नाही. बरं. फिर्यादीची आता काही तक्रार नाही. छान. आणि मग तिसरी ओळ. आरोपी हा फिर्यादी फर्मकडे केव्हाही नोकरीस नव्हता व नाही.

"हे काहून?" चंपतरावांनी विचारलं.

"ते ऑफिसच्या वकिलानं टाकलं," जितेंद्र म्हणाला. "टाकाच लागते म्हणते. उद्या तुमी लेबर कोर्टात गेले, सत्तावीस वर्षांचा हिशेब मागितला, तर?"

"मी कायले जातो बाप्पा लेबर कोर्टात?"

"मंग सही करा न. तुमाले काय फरक पडते?"

बोलायला बरोबर होतं. चंपतरावांनी पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवला. आणि तसेच बसून राहिले. कॉरिडॉरमध्ये माणसांची ही गर्दी, वकिलांचे काळे कोट इकडून तिकडे, कुणी कुणाला शोधत होतं, आणि हा माणूस पेन धरून थिजलेला.

"जितूभाऊ," ते शेवटी म्हणाले, "तुमी पाच वर्षापासून येता. रोज सकाळी गेट कोन उघडत होतं?"

जितेंद्रनं घड्याळ पाहिलं.

"मी नव्हतो तथी, तर माही बायको कोनाच्या चौकीत मेली?"

"मले माहीत आहे काका," जितेंद्र खाली पाहत म्हणाला. "पण मी पगारी माणूस. ती ओळ काढली तर मालक सही नाही करू देत. दोनदा विचारून पाह्यलं मी."

कामिनीचा पारा चढला. जितेंद्रवर आधी चढला, मग चंपतरावांवर. "काका, हट्ट करून नका राहू! बेसाची खोली हातची जाईल. अहो, कागदावर नव्हते लिहिल्यानं तुम्ही नव्हते असं थोडीच होते?"

"मंग होतो, असं कोन्या कागदावर लिवलं आहे मॅडम?"

चंपतरावांनी पेन टोपण लावून जितेंद्रला परत दिलं.

"गुन्हा केला म्हना," ते म्हणाले. "ते मी मानतो. मनाई केली होती, तरी गेलो. पण नव्हतो म्हनू नका."

"म्हणजे काय करणार तुम्ही?"

"कबूल करतो न."

कामिनीनं त्यांना दहा मिनिटं समजावलं. कबूल केलं की शिक्षा होणार. लहानशी होईल, पण होणार. पोलिसांचा कागद मग कसा मिळेल? त्यापेक्षा लढू, दोन वर्षांनी का होईना, सुटाल. "दोन वर्ष मी त्या टिनाखाली कोनाशी बोलू?" चंपतराव म्हणाले. कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये म्हणतात, आणि हा गडी तर पायऱ्या चढून वर आला होता आणि आता स्वतःच खड्ड्यात उडी मारायला निघाला होता. मला तर ऐकतानाच राग येतो. पण राग येऊन माणूस बदलतो का?

पुकारा झाला. न्यायाधीश बाई चाळिशीच्या, आवाज हळू. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"हो साहेब."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाच्या दबावाखाली नाही ना? कबूल केलं तर शिक्षा होऊ शकते, हे वकिलांनी सांगितलं का?"

"लय सांगितलं."

"का गेला होतात आत? तुमच्या शब्दांत सांगा." असं विचारण्याची रीतच आहे. आरोपी कबूल करतो तेव्हा त्याचं म्हणणं होता होईल तो त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं लागतं. चंपतरावांना हे कुठून माहीत असणार? पण त्यांनी पाहिलं, खाली बसलेल्या माणसाची बोटं बाईंच्या तोंडाकडे लक्ष ठेवून कीबोर्डवर थांबलेली आहेत. हा लिहिणार आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि मग ते बोलले. गेल्या सहा वर्षांत सगळं मिळून बोलले नसतील तेवढं बोलले.

सत्तावीस वर्षं चौकीदार होतो म्हणाले. सन सांगितलं, जुन्या सेठचं नाव सांगितलं, अकरा शटर सांगितले. बायको वच्छला तिथंच वारली म्हणाले. "मॅनेजरनं मले येऊ नका म्हनलं होतं. मी गेलो तर त्यायले त्रास होईल, राग येईल, हे मले माहीत होतं. तरी मी मुद्दाम गेलो. चोरीसाठी नाही गेलो. पन गेलो." बाई मधून मधून थांबवून वाक्य सांगत होत्या आणि बोटं कीबोर्डवर पडत होती. मागे जितेंद्र उभा होता. सरकारी वकिलाच्या कानाशी लागून "हे नोकर नव्हते" एवढं सांगायला त्याला कितीसा वेळ लागला असता? त्यानं सांगितलं नाही. हात मागे बांधून उभा राहिला.

कामिनी उठली. वय पाहा, पहिलाच गुन्हा आहे, नुसती समज देऊन किंवा हमीवर सोडा, असं तिनं कळकळीनं मागितलं. बाईंनी विचारलं, "तुमच्या वागणुकीची हमी घ्यायला कुणी आहे का? भाऊ, पुतण्या, शेजारी?"

साधा प्रश्न. चंपतराव विचार करत राहिले. काटोलचे पुतणे आठवले, यमुताई आठवल्या, चहावाला आठवला. चहावाल्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. गुन्हा कबूल करताना ज्याची मान खाली गेली नव्हती, त्याची मान आता गेली.

"कोनी नाही," ते म्हणाले.

बाईंनी थोडा वेळ काही लिहिलं. मग शिक्षा सांगितली. थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद.

कैद शब्दावर चंपतरावांनी बेडीसाठी दोन्ही हात पुढे केले. कामिनीनं ते खाली घेतले. "काका, घाबरू नका, तुरुंग नाही. संध्याकाळी कोर्टाचं काम संपून बाई उठतील, तोवर इथंच बसायचं. मागच्या त्या बाकावर. बाहेर जायचं नाही. संपली शिक्षा." तिला दुसऱ्या कोर्टात काम होतं. जाताना ती म्हणाली, "शामलाताईंकडे इतक्यात जाऊ नका. मी बोलून पाहते." तिचे डोळे लाल झाले होते. रागानं म्हणा, कशानं म्हणा.

बसले चंपतराव. बाकावर त्यांच्या बाजूला एक पोलीस शिपाई, त्याचं सगळं लक्ष मोबाईलात. समोर केसेस चालल्या. चेक न वटल्याच्या चार. शेताच्या धुऱ्यावरून डोकी फोडून घेतलेले दोन सख्खे भाऊ आले, ते एकाच मोटारसायकलवर आले होते असं निघालं तेव्हा बाईसुद्धा हसल्या. एका सासूनं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सुनेला असा टोला हाणला की पोलिसानं मोबाईल खाली ठेवला. चंपतराव पुढे सरकून ऐकत होते. दिवसा माणसं एवढं बोलतात, एवढं भांडतात, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

दोन वाजता बाई उठल्या. सगळे उभे राहिले. चंपतरावांनी दाराशी उभ्या असलेल्या कोर्टाच्या शिपायाला, बाबारावांना, हळूच विचारलं, "उठलं न कोर्ट? मी जाऊ?"

"कुठी जाता? हे जेवाची सुट्टी आहे," बाबाराव म्हणाले. "बसा. डबा आनला का?"

"नाही."

बाबारावांनी डब्याचं झाकण उलटं केलं, त्यात दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी काढली, आणि बाकावर सरकवली. दोघं जेवले. बाबारावांनी त्यांना आपल्या जावयाचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं, वीस मिनिटं. तो जावई किती निकामी आहे, पोरीनं कसं सोसलं, नवीन फ्रीज कसा घ्यायला लावला. चंपतराव "हाव न", "काय सांगता", "असं नाही कराव त्यानं" म्हणत होते. मिठाचं प्रमाण थोडं जास्त होतं भाजीत. त्यांनी झाकण बोटानं पुसून खाल्लं.

चार वाजले, साडेचार वाजले. माणसं पातळ होत गेली. चंपतरावांना मनापासून वाटायला लागलं की अजून दोन-चार केसेस निघाव्यात. बाईंनी अजून बसावं. लोक कैदेतून सुटायचे नवस करतात, आणि हा माणूस ती लांबावी म्हणून घड्याळाकडे पाहत होता. सव्वापाचला बाईंनी शेवटची फाईल मिटली, उठल्या, जाताना मागच्या बाकाकडे पाहून मान हलवली. संपलं. पोलीस तर त्याआधीच निघाला होता. बाबाराव पंखे बंद करायला लागले.

"जा आता काका. सुटले तुमी."

"हो," चंपतराव म्हणाले, आणि थोडं थांबून, "उद्या कोनत्या केसा आहेत?"

"उद्याचं तुमाले काय करायचं आहे?" बाबाराव हसले. त्यांना घरी जायची घाई होती.

निकालाची नक्कल आरोपीला फुकट मिळते. ऑफिसातल्या बाईनं शिक्का मारून ती हातात दिली. चंपतराव चौथीपर्यंत शिकलेले. बसस्टॉपवर उभं राहून, एकेक अक्षर लावत, त्यांनी ती वाचायला घेतली. दोन बसा निघून गेल्या. वरती त्यांचं नाव होतं, वय होतं. मग आली ती ओळ. मी सदर गोदामात सत्तावीस वर्षे चौकीदार होतो. पुढे होतं, माझी पत्नी वच्छला ही तेथील चौकीतच वारली. खाली कोर्टाचा गोल शिक्का. त्यांनी बोटानं शिक्क्याला हात लावून पाहिला. सत्तावीस वर्षांत जे सेठनं दिलं नाही, ते सरकारनं एका दिवसात लिहून दिलं होतं. आनंद झाला त्यांना, खोटं कशाला सांगू? आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. दाखवायचा कुणाला?

खोलीवर यमुताईंनी विचारलं, "काय झालं वो केसचं?" "शिक्षा झाली," ते म्हणाले. "मंग घरी कसे?" "भोगून आलो." यमुताईंना वाटलं थट्टा करतात. त्यांनी दार लावून घेतलं.

वकीलबाईंनी थांबा म्हटलं होतं. चंपतराव थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पांढरा सदरा, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन बसा बदलून बेसा. शामलाताईंनी दार उघडलं. ओल्या हातांनीच आल्या होत्या, पदराला हात पुसले.

"अनुभवाचा कागद आनला," चंपतराव म्हणाले.

त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि चेहरा बदलला. "काका, यात तर तुम्हाला शिक्षा झाली असं लिहिलं आहे."

"हो. ते खाली आहे. वरतं वाचा न."

चंपतराव काही येडे नव्हते. खाली काय आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्याचं काय होणार हेही. शामलाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. मग शाळेत वाचत असतील तसं, स्पष्ट वाचलं. "मी सदर गोदामात सत्तावीस वर्षे चौकीदार होतो. माझी पत्नी वच्छला ही तेथील चौकीतच वारली." पुढचंही वाचलं, मनाई असताना गेलो तेही.

"मी एकटी असते तर ठेवलं असतं हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण सोसायटीचे लोक हा कागद पाहून ऐकणार नाहीत. तुम्हालाही कळतं ते. चहा घेता का?"

"चहा नको," चंपतराव म्हणाले. "नोकरीचंही राहू द्या. तो वरतचा मजकूर अजून एक डाव वाचता का?"

शामलाताईंनी चष्मा नीट केला. चंपतराव दारात हात बांधून उभे राहिले, आणि ताईंनी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.